शिवणीखालची गल्ली

मित्रांनो, माझं वय सत्तरीच्या पुढं गेलं आहे. अंग कागदाचं, पाठ मांजरपाटाची, वर आणि खाली एकेक लाकडी दांडा आणि पोटात एक अख्खं शहर, असा मी जुना नकाशा. परभणी जिल्ह्यात पिंगळीच्या स्टेशनापासून दोन कोसांवर एक गाव आहे, तिथल्या शाळेत माझा मुक्काम असतो. पोटातलं शहर मात्र हैदराबाद. परभणीच्या खेड्यात हैदराबादचा नकाशा काय करतो, असं मला आजवर कितीतरी जणांनी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. पण ते माझ्याच अंगात कुणीतरी शिवून टाकलं होतं, आणि नकाशाला स्वतःचे टाके उसवता येत नाहीत.

माझा जन्म त्या शहरातच झाला. मुसी नदीचा पूल ओलांडून थोडं पुढं गेलं की डाव्या हाताला एक गल्ली लागायची. तिला पत्थरवाली गल्ली म्हणत, कारण तिथं दगडावर छपाई करणारे तीन-चार छापखाने होते आणि प्रत्येकाच्या दारात गुळगुळीत दगडांची चळत रचलेली असे. आधीचं चित्र पुसून दगड पुन्हा कोरा करायचा, तर दोन दगडांमध्ये वाळू आणि पाणी घालून ते तासन्‌तास एकमेकांवर घासावे लागत. आमच्या छापखान्यात हे काम सिताराम करायचा. तो याच गावचा. बायको आणि सगुणा नावाची लहान मुलगी घरी ठेवून तो पोटासाठी तिकडं गेला होता. त्याच गल्लीत हिरव्या कवाडाच्या एका खोलीत तो राहायचा आणि दिवसभर दगड घासायचा. माझं चित्र ज्या दगडावर उमटलं, तो दगड कोरा करणारे हात त्याचे होते, हे मी कधी विसरलो नाही.

तेव्हा आपला हा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि हैदराबाद आपली राजधानी होती. मराठी शाळांसाठी राजधानीचा नकाशा मराठीत छापायचं ठरलं आणि आम्ही दोनशे भावंडं एका आठवड्यात जन्मलो. मी ओला असताना मला दोरीवर वाळत घालायला सितारामनं उचललं आणि त्याचा शाईनं माखलेला अंगठा माझ्यावर उमटला. नेमका पत्थरवाल्या गल्लीवर. चुकून की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. अंगठा उचलल्यावर तो हसला होता, एवढं मी पाहिलं.

छापखान्याच्या मालकांनी मला उजेडात धरलं. "ये नक्शा तो गया, सिताराम. रद्दी में डालो."

"मालक, मला द्या की," सिताराम म्हणाला. "आमच्या गावात नवी साळा निघालीय."

मालक भले होते. त्यांनी मला तर दिलंच, वर मांजरपाटाचा तुकडा आणि खळीचं भांडंही दिलं. सितारामनं मला स्वतःच्या हातानं कापडावर डकवलं, दांडे ठोकले आणि चटईत गुंडाळून रेल्वेत बसवलं. शहरातून निघताना मी शहराकडे एकदा वळूनही पाहिलं नाही. ते माझ्याबरोबरच येत होतं, मग वळून कशाला पाहायचं?

गावची शाळा म्हणजे एक खोली आणि पुढं व्हरांडा. बन्सीधर मास्तर एकटेच शिक्षक. सिताराम व्हरांड्यात येऊन थांबला, त्याचं बोट धरून सगुणा. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. त्यांच्या वस्तीतल्या माणसानं वर्गात पाऊल टाकलेलं गावाला खपत नसे. मास्तरांच्या मनात त्याला आत बोलवायचं होतं, पण मास्तर पडले भिडस्त. त्यांनी मला दारातूनच घेतलं आणि दाराशेजारच्या भिंतीवर टांगलं. पोरं गोळा झाली. हे काय, ते काय, ही निळी रेघ कशाची, असे प्रश्न सुरू झाले. मास्तर उभ्या जन्मात परभणीच्या पुढं गेलेले नव्हते. त्यांनी दोनदा खाकरून घेतलं आणि दाराकडे वळले.

"सिताराम, तूच सांग बाबा. तुझ्या पायाखालचं शहर आहे ते."

सितारामनं इकडं तिकडं पाहिलं. व्हरांड्याच्या कडेला कडब्याची पेंढी पडली होती. तिच्यातून त्यानं जोंधळ्याचा एक लांब धांडा ओढून काढला, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तो आत घातला आणि त्याचं टोक माझ्यावर टेकवलं.

"ही नदी. दिसायला बारीक हाय. पर मालकाच्या बापाच्या वक्ताला हिला असा पूर आला की शहर वाहून चाललं. हितं दवाखान्याच्या आवारात एक चिंचंचं झाड हाय. त्याच्यावर दीडशे मानसं चढून बसली आन वाचली म्हनत्यात. आता पुलावरनं चला माझ्यासंगं. हितं बांगड्याचा बाजार. हितं अत्तरवाले, नुसतं गेलं तरी सदऱ्याला वास लागतोय. आन हितं," धांड्याचं टोक अंगठ्यावर येऊन थांबलं, "हितं मी ऱ्हातो."

पोरं जागची हलली नाहीत. एक जण म्हणाला, पुन्हा पुलावरनं चला. सिताराम पुन्हा पुलावरून गेला. मित्रांनो, या शाळेत शहराचा पहिला धडा झाला तो असा. शिकवणारा बाहेर उभा होता आणि त्याची मुलगी खिडकीच्या गजांना धरून आत बघत होती.

संध्याकाळी मास्तरांनी वहीत नोंद केली, भिंतीवरचा नकाशा, नग एक. कुणाकडून मिळाला, ते लिहिताना त्यांचा टाक थांबला. उद्या बघू, असं ते पुटपुटले. तो दिवस काही उजाडला नाही. दोन-तीन वर्षांत सिताराम तिकडंच तापानं गेला. त्याचा फोटो कुणी कधी काढलेला नव्हता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. छपन्न सालच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आदल्या दिवशी मी राजधानीचा नकाशा होतो, दुसऱ्या दिवशी परक्या राज्यातल्या शहराचा. माझ्या खिळ्यावर मुंबईचा नकाशा आला. माझा त्याच्यावर राग नाही, तो बिचारा हुकमाचा ताबेदार. मला गुंडाळून कपाटावर ठेवलं.

गुंडाळलेला नकाशा दिवसभर काय करतो, असं तुम्हाला वाटत असेल. तो स्वप्नं बघतो. गुंडाळीत शहराची दोन टोकं एकमेकांना भेटतात, जी खऱ्या शहरात कधी भेटत नाहीत. माझी नदी स्वतःभोवती वेढे घेत राहायची. पुलावर पूल यायचा, बांगड्यांचा बाजार चिंचेच्या झाडाखाली सरकायचा. दुपारी कपाटावरून मुंग्या जात, त्यातल्या चार-दोन माझ्यात शिरत आणि गल्ल्यांमधून घाईघाईनं निघून जात. मला वाटायचं, माणसं कामाला चालली. खडूची धूळ आत झिरपली की शहरावर धुकं पडायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. मी दुःखी होतो, असं म्हणवत नाही. पण कुणाचं तरी बोट अंगावरून फिरावं, ही ओढ मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

मधल्या काळात माझे हालही झाले. एका स्नेहसंमेलनात मला राजवाड्याचा पडदा म्हणून टांगलं आणि राजा झालेला पोरगा माझ्या रेल्वे स्टेशनाला पाठ लावून दोन तास ओरडला. पुढं शाळेत साठवलेल्या तांदळाची पोती माझ्याखाली झाकली जात. कुणीतरी शहाण्यानं गुंडाळी करायची सोडून माझी घडी घातली, आणि घडीवर मी आडवा फाटलो. नदीच्या थोडं खाली, या काठापासून त्या काठापर्यंत.

तीसेक वर्षांपूर्वी परमेश्वर नावाचे शिपाई शाळेत आले. त्यांना फाटलेलं काही बघवत नसे. ते मला घरी घेऊन गेले आणि बायकोपुढं अंथरलं. त्यांची बायको कस्तुराबाई. पंचक्रोशीत वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, शिवावी तर कस्तुराबाईनं, असं नाव होतं तिचं. तिनं मला मांडीवर घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणी तरी हात फिरवत होतं. पण वाकळ शिवणाऱ्या हाताची एक रीत असते. काठाचे धागे सुटलेले दिसले की तो काठ आत दुमडायचा आणि मग वरून दोरा घालायचा. तिनं वरचा काठ दुमडला, खालचा काठ दुमडला आणि दोन्ही एकमेकांना घट्ट शिवले. दोन्हीकडचं मिळून तीन बोटं शहर आत गेलं.

त्या तीन बोटांत पत्थरवाली गल्ली होती. हिरवं कवाड होतं, माझा छापखाना होता, सितारामचा अंगठा होता. वरचे रस्ते खालच्या रस्त्यांना कसेबसे जुळले, शिवण सुबक दिसली, आणि परमेश्वर मामा म्हणाले, "बेस झालं." कस्तुराबाईचा दोष नव्हता. तिनं मायेनंच शिवलं. पण जिथं मी जन्मलो, तीच गल्ली माझ्या आत अंधारात गेली.

यानंतर मी अडगळीच्या खोलीत होतो. दोन वर्षांपूर्वी मंजुषा बाई या शाळेत आल्या. त्या इतिहास आणि मराठी शिकवतात, आणि पुस्तकातला धडा संपला की त्यांचं शिकवणं सुरू होतं. त्यांनी एकदा नववीच्या वर्गाला विचारलं, "आपल्या गावाचं मोठं शहर कोणतं?" कुणी पुणे म्हणालं, कुणी मुंबई. बाई म्हणाल्या, "आज घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा." दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग हैदराबाद घेऊन आला. बजरंगच्या पणजोबांनी तिकडं कोर्टाच्या तारखांना जोडे झिजवले होते. बबिताच्या आजीला लग्नात तिकडच्या लाखेच्या बांगड्या आल्या होत्या आणि त्यांवर एक उखाणाही होता. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी अडगळीची खोली धुंडाळली, मला झटकलं आणि खिळा ठोकला. त्याच जागी, दाराशेजारी.

मग जे दिवस आले, ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे. रोज शेवटच्या तासाला पोरं माझ्यापुढं बसत. बाई सांगत, शहर फक्त राजे आणि इमारती यांचं नसतं. तिथं राहून आलेल्यांनी जे सांगितलं आणि घरी वाट पाहणाऱ्यांनी जे गायलं, तेही शहराचंच वाङ्मय. पोरं पत्रं आणत, उखाणे आणत, गाणी आणत, आणि प्रत्येक गोष्ट माझ्यावर जिथली असेल तिथं एक टाचणी टोचत. टोचणं दुखतं म्हणतात. मला नाही दुखलं.

एके दिवशी संघप्रिया उभी राहिली. ही सगुणाबाईची नात. हो, तीच सगुणा, गजाला धरून उभी असलेली. आता ऐंशीची झालेली, पाठीत वाकलेली. संघप्रियानं वहीतून दोन ओव्या वाचल्या. तिच्या आजीची आई जात्यावर गायची, त्या.

हैद्राबाद शहरात नदीवर थोर पूल
हिरव्या कवाडाच्या आत माझ्या हौशाची चूल

पत्थरवाल्या गल्लीवर अंगठा उठला काळा
त्याच्या पायी नकाशाला मिळाली गावाची शाळा

"माझी आजी म्हणती, हा नकाशा तिच्या बापानं आणलाय," संघप्रिया म्हणाली. "आन त्याच्यावर त्याचा अंगठा हाय."

सगळा वर्ग उठून माझ्यापाशी आला. चाळीस डोळ्यांनी माझी गल्ली न् गल्ली तपासली. पत्थरवाली गल्ली नव्हती. अंगठाही नव्हता. बाईंनी मोबाइलवर आजच्या शहरात शोधलं, तिथंही ते नाव नव्हतं. मित्रांनो, मी काय काय केलं नसेल! वाऱ्यावर फडफडलो. दांडा भिंतीवर आपटला. कुणीतरी खिडकी लावून घेतली.

"ओव्यांमध्ये कल्पनाही असते, संघप्रिया," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ओवी सुंदर आहे. आपण ती ठेवू."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सितारामच्या बाता." गावात हे जुनं म्हणीसारखं बोलणं होतं. कुणी शहराच्या फुशारक्या मारल्या की लोक म्हणत, सितारामच्या बाता मारायलाय. सिताराम कोण, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसे. संघप्रिया खाली बसली आणि तिनं वही मिटली.

शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती, त्याचं प्रदर्शन जवळ आलं होतं. माझ्याखाली लावायला एक पाटी तयार झाली. 'हैदराबाद शहराचा नकाशा. शासनाकडून प्राप्त.' जुनी वही वाळवीनं खाल्लेली, मग दुसरं काय लिहिणार?

पाटीची गोष्ट संघप्रियानं घरी सांगितली असावी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगुणाबाई काठी टेकत शाळेत आली. व्हरांड्यात आली आणि थांबली. आज तिला कुणी अडवणार नव्हतं, पण पायांना जुनी सवय असते. ती खिडकीपाशी गेली, गज धरले आणि माझ्याकडे बघत राहिली. मंजुषा बाई बाहेर गेल्या.

"आजी, आत या ना."

"हितूनच दिसतंय," ती म्हणाली. बराच वेळ तिची नजर नदीच्या खाली फिरत होती. "ह्याच भितीवर व्हता. माझ्या बानं भायरून धांडा लावला व्हता, मी हितंच हुबी व्हते. अंगठा हितं दिसायचा, नदीच्या खाली. आता न्हाई."

"काळानं शाई उडाली असेल, आजी."

"शाई उडंल. गल्ली कशी उडंल?" ती म्हणाली. मग तिनं गज सोडले. "लय वरीसं झाली, बाई. म्याच सपान बघितलं आसंल. तेवढी पाटी तुमची ऱ्हाऊ द्या तशीच."

ती गेली. तिच्या बापाचा फोटो नव्हता, नोंद नव्हती. होता तो एक अंगठा, आणि आता तोही तिनं स्वतःच खोटा ठरवला होता. मी शिवणीखालच्या तीन बोटांत तो धरून बसलो होतो आणि मला तोंड नव्हतं. एवढी असहायता मला तांदळाच्या पोत्यांवरही वाटली नव्हती.

पण शहराला दयाही असते कधीकधी. प्रदर्शनासाठी बाईंनी मला मोठा करून वर्गाच्या भिंतीवर काढायला सांगितलं. माझ्या अंगावर आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन आहेत. चित्रकलेत करतात तसं, माझ्या एका चौकोनात जे असेल ते भिंतीवरच्या मोठ्या चौकोनात काढायचं. एकेक ओळ एकेकाला वाटून दिली. नदीखालची ओळ संघप्रियाकडे आली. तिचं मन कामात नव्हतं, तरी ती पट्टी घेऊन बसली. दुपारभर तिनं खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं.

"बाई, माझं जुळंना झालंय."

"नीट मोज."

"मोजायलेय की. सगळे चौकोन चार बोटाचे हायेत. ह्या ओळीतलेच बारीक हायेत. एकच बोट. तीन बोटं कमी पडायलीत."

बाई आल्या. त्यांनी पट्टी लावली. एकदा वरच्या ओळीला, एकदा खालच्या, आणि मग शिवणीच्या ओळीला. त्यांचा हात शिवणीवर थांबला आणि मला कळलं की त्यांना आता कळलं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, बाकावर पालथं घातलं आणि पाठीवरच्या जाड टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ही वाकळीची शिवण आहे," त्या म्हणाल्या. "कुणी शिवलं हे?"

परमेश्वर मामा आता निवृत्त आहेत, पण त्यांचं घर शाळेला लागूनच. कस्तुराबाई चष्मा पुसत आली. तिनं मला पाहताच ओळखलं.

"माझाच हात हाय ह्यो. काय झालं?"

"काठ आत दुमडलाय का, मावशी?"

"मंग? चिंध्या निघायलत्या. आत घातल्याबिगर दोरा बसतोय व्हय?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं. कस्तुराबाईचा चेहरा उतरला. पोलक्याला टोचलेली सुई काढून ती बाकाशी बसली. कुणीतरी कात्री पुढं केली, तिनं ती बाजूला सारली. बाईंनी संघप्रियाकडे पाहिलं, आणि संघप्रिया घराकडे पळाली.

कस्तुराबाई एकेक टाका सुईच्या टोकानं उचलत होती. तीस वर्षांचा दोरा, तो सहज निघेना. सगुणाबाई नातीचा हात धरून आली आणि सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबली. शेवटचा टाका निघाला. बाईंनी वरचा काठ हलकेच उलगडला. आधी एक विहीर निघाली. मग छापखान्यांचे छोटे छोटे चौकोन. मग बारीक अक्षरांत, पत्थरवाली गल्ली. आत दुमडलेली शाई उजेडात नव्हती, त्यामुळं ती कालची वाटावी इतकी काळी राहिली होती. अर्धा अंगठा वरच्या काठावर होता. कस्तुराबाईनं खालचा काठ उलगडला आणि दोन्ही तळव्यांनी मला जुळवून धरलं. अंगठा पुरा झाला.

सगुणाबाई बाकापाशी उभी होती. उंबरा तिनं कधी ओलांडला ते तिलाही कळलं नसावं. तिनं वाकून आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला. तिचा लहान होता, सगळीकडून काळी कड उरली. ती किती वेळ तशी होती, मी मोजलं नाही. तिचा हात गरम होता.

"ह्यो माझा बा," ती म्हणाली.

"सगुणाबाई, म्याच कोंडला गं त्याला," कस्तुराबाई म्हणाली. तिचे तळवे अजून मला धरून होते.

"तूच राखला म्हन," सगुणाबाई म्हणाली. "भायर ऱ्हाता तर ह्या पोरांच्या बोटांनी कवाच पुसून गेला आसता."

बजरंगनं हळूच विचारलं, "पण बाई, ती गल्ली आता तिकडं नसंलच ना?"

"रस्ते रुंद करताना गेली असेल," बाई म्हणाल्या.

"तिकडं नसंना का," सगुणाबाई म्हणाली. "हितं हाय न्हवं."

मग बाईंनी ती पाटी काढली आणि वर्गासमोर फाडली. आपली चूक झाली, असं त्या सरळ म्हणाल्या. ओवीवर विश्वास ठेवायला हवा होता, निदान आधी नकाशा मोजायला हवा होता. नव्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. 'हा नकाशा सिताराम यांनी शाळेला दिला. या शाळेत हैदराबाद शहर सर्वांत आधी त्यांनी शिकवलं.'

"आनखी एक लिव्हा," सगुणाबाई म्हणाली. "भायर हुबा राहून."

बाईंचा हात क्षणभर थांबला. मला बन्सीधर मास्तरांचा टाक आठवला. पण बाईंनी लिहिलं.

कस्तुराबाईनं मला पुन्हा शिवलं, या वेळी काठ न दुमडता. सगुणाबाईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याची पट्टी पाठीमागून लावली आणि वर एकही धागा येऊ दिला नाही. मी आता पहिल्यापेक्षा जरा जाड झालो आहे, पण पुरा आहे. गुरुवारी शेवटच्या तासाला सगुणाबाई शाळेत येते. माझ्यासमोर तिची खुर्ची असते. पोरांना ती पुलावरून नेते, चिंचेखाली थांबवते, अत्तरवाल्यांपाशी श्वास घ्यायला लावते, आणि हिरव्या कवाडाशी पोचवते. शहर तिनं कधी पाहिलेलं नाही. तिला धांडा लागत नाही. ती एवढ्या जवळ बसलेली असते की बोटानंच दाखवते.

मित्रांनो, म्हातारा नकाशा तुमच्याकडे काय मागणार? मला गुंडाळा, घडी घालू नका. हात धुऊन मग बोट फिरवा. तुमच्याही घरात, गावात जुनं काही फाटलेलं असेल, तर ते जरूर शिवा, कस्तुराबाईसारख्या मायेनं शिवा. फक्त काठ आत दुमडण्याआधी एकदा वाकून बघा, तिथं कुणी राहतं का.